काळीची ओटी

बस फलाटाला लागायच्या आत तिच्याबरोबर पळत पळत खिडकीतून रुमाल टाकायचा आणि सीट धरायची, ही विद्या बेळगावला आल्यावर मी पहिल्या महिन्यात शिकलो होतो. फौंड्रीतलं काम शिकायला मला दोन वर्षं लागली, हे मात्र लगेच आलं, त्यामुळे तिचा मला गर्व होता. त्या दिवशी पहाटे साडेपाचला मी रुमाल, भाकरीची पिशवी आणि माझी बायको शैला हिची छत्री अशी तिन्ही शस्त्रं एकाच खिडकीतून आत टाकली आणि तीन माणसांची अख्खी सीट जिंकली. पाटीवर 'कारवार' एवढं वाचलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत बस कुठून कुठून जाणार ते लिहिलेलं असतं. ते कन्नडात असतं, ती अडचण नव्हती; मला कन्नड मराठीइतकंच येतं. पण क्षणभर थांबावं लागतं. मी थांबलो नाही. आईला आणि शैलाला थाटात चढवलं, आईला खिडकी दिली, आणि शेजारच्या फलाटावर धारवाड-यल्लापूरवरून कारवारला जाणारी आमची खरी बस रिकामी उभी राहिली.

बस खानापूरच्या रस्त्याला वळली तेव्हा शैला हळूच म्हणाली, "अवं, ही रामनगरवरनं जातीय."

"काय तरी बोलू नको."

"माझं माहेर खानापूर हाय. मला ही वाट शिकवू नका."

खानापूरला उतरू या, मागं फिरू या, पुढच्या सुटीला जाऊ या, असं मी आईच्या कानाला लागून सांगायला लागलो. आईनं काळा चष्मा नाकावर नीट बसवला. डोळ्याच्या ऑपरेशननंतर मिळालेला तो मोठा, बाजूंनीही झाकणारा चष्मा घालून ती एखाद्या गुप्त पोलिसासारखी दिसत होती.

"चुकीची बस म्हंजे काय रं? कारवारला जातीय न्हवं?"

"जातीय. खरं रामनगर लागतंय ना वाटेत."

"मग लागू दे की. रामनगर काय वाघ हाय?"

रामनगर वाघ नव्हतं. पण रामनगरच्या स्टँडपासून पन्नास पावलांवर आप्पांचं दुकान होतं. आणि आम्ही तिघं ज्या कामाला निघालो होतो, ते काम आमच्या घरात बंद होतं. दारू पिऊन आलो असतो तर आप्पांनी दोन दिवसांत माफ केलं असतं. हे नाही.

ते का, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. आमचं मूळ गाव काळी नदीवरच्या सुप्याच्या धरणात गेलं. मी तेव्हा इतका लहान होतो की मला गावातलं आठवतं ते फक्त खळ्यावरचं शेण वाळतानाचा वास आणि पायरीवर बसलेला एक लंगडा कोंबडा. गावाचं नाव घरात काढायची चोरी होती. कुणी काढलं तर आप्पा म्हणायचे, "बुडालं ते तोंडात घेऊ नको." सामान ट्रकात चढवलं त्या सकाळी त्यांनी देवीच्या दगडापुढं उभं राहून तांब्यातलं पाणी हातावरून जमिनीवर सोडलं आणि शपथ घेतली, ह्या काळी नदीचं तोंड मी पुन्हा बघणार नाही, माझ्या घरातल्या कुणी बघायचं नाही. सगळं गाव ऐकत होतं. रामनगरला येऊन त्यांनी मिळालेल्या तुकड्यात भात लावून बघितला, मग किराणा दुकान टाकलं. शपथ मात्र पाळली. उळवीच्या जत्रेला दरवर्षी जायचे, पण बसमध्ये ज्या बाजूला धरणाचं पाणी दिसतं त्या बाजूला कधी बसायचे नाहीत. दुसऱ्या बाजूला जागा नसेल तर उभे राहायचे, नाहीतर डोळे मिटून घ्यायचे. लोकांना वाटायचं म्हातारा देवाचं नाव घेतोय. आमच्या ताटात नदीचा मासा कधी आला नाही. मी पोहायला शिकलो नाही. आजही शिकलेलो नाही. माझा मुलगा गणेशगुडीला जाऊन त्याच नदीत रबराच्या होडीतून उड्या मारतो आणि मला व्हिडिओ पाठवतो. मी तो काठावर बसून बघतो, म्हणजे पलंगाच्या.

त्या वर्षी आईच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनला ती बेळगावला आमच्या वडगावच्या खोलीत येऊन राहिली. आमचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. खोली एक, मोरी एक, आणि भिंतीपलीकडं यंत्रमागांचा खडखडाट पहाटेपासून सुरू. आईला पहिले दोन दिवस वाटत होतं बाहेर पाऊस पडतोय. ती येताना गाठोड्यात घरचे कोन घेऊन आली होती. हे कोन म्हणजे आमच्या जोयड्याकडचा हाताएवढा लांब कंद, उकडून मिठाबरोबर खाल्ला की दुपारपर्यंत भूक नाही. त्याबरोबर वाळवलेली आमसुलं होती, आणि डब्यात लाल मुंग्या. त्यांची चटणी तिनं आमच्या खोलीत पाट्यावर वाटली तेव्हा घरमालकीण वास कसला म्हणून डोकावली, बघितलं, आणि पुढं महिनाभर भाडं मागायला स्वतः आली नाही, नवऱ्याला पाठवायची. शैलानं मात्र पहिला घास न घाबरता घेतला. डोळ्यांत पाणी आलं तरी म्हणाली, "आत्ती, मस्त झालीय." त्या घासावर दोघींचं जमलं.

पट्टी काढली त्या दिवशी आईनं आधी माझ्याकडं बघितलं. "अगं आई गं, एवढा काळा झालाईस?" म्हणाली. मग शैलाकडं बघितलं, म्हणाली, "हिला का दिली रं तुला?" तीन आठवडे तिनं डॉक्टरांचं सगळं ऐकलं. वाकली नाही, चुलीपुढं बसली नाही. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, आता आठ दिवसांनी एकदा दाखवा, बाकी ठीक. त्या संध्याकाळी भाकरी खाताना तिनं सांगितलं. सांगितलं म्हणजे विचारलं नाही.

"मला दर्याला न्हे. काळी दर्याला मिळती तितं."

"आये, आप्पा..."

"आप्पांचं आप्पांपाशी. मला तिची ओटी भरायची हाय."

आणि मग तिनं जे सांगितलं ते मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. आमच्या गावात सुगी झाली की बायका नव्या तांदळानं नदीची ओटी भरायच्या. नारळ, खण, हळदकुंकू, मूठभर तांदूळ. मान आमच्या घराचा. आधी आईच्या सासूकडं, मग आईकडं. गाव उठलं ते सुगीच्या आधी. त्या साली ओटी भरली गेली नाही, नंतर कधीच नाही. "नदी म्हंजे पोरगीच की," आई म्हणाली. "आमच्या डोंगरातनं निघती, दर्याकडं जाती. ते तिचं सासर. इतकी वर्सं झाली, आपली पोरगी ओटीबिगर सासरी जाऊलालीय. ह्याला काय माणूसपण म्हंत्यात?"

तेव्हा तिच्या बोलण्याला मी हसलो होतो. त्या वयात मला आईबापांच्या फार गोष्टींचं हसू यायचं. पण शैला उठली, तिनं ट्रंकेतून आपल्या रुखवतातला एक हिरवा खण काढला आणि आईच्या मांडीवर ठेवला. दोन मतं पडली होती. तिसरं मत कुणी विचारलं नाही.

तर आता पुन्हा बसमध्ये. लोंडा गेलं, रामनगर आलं. कंडक्टर ओरडला, "चहाला धा मिंटं." आईनं डोक्यावरून पदर ओढला. मी पुढच्या माणसाकडून पेपर मागून घेतला आणि तोंडापुढं धरला. शैलानं काही लपवलं नाही. खिडकीच्या बाहेर बघत शांत बसून राहिली. मी पेपराच्या कडेवरून बघितलं तर आप्पा एक पिशवी घेऊन सरळ आमच्याच बसकडं येत होते. कुंभारवाड्याला दिलेल्या आमच्या आत्याला ते अधूनमधून ह्या बसनं शेंगा, गूळ असं काहीबाही पाठवायचे. ड्रायव्हरवर त्यांचा विश्वास नव्हता, त्यामुळे पिशवी कुठल्या सीटखाली ठेवायची ते स्वतः चढून ठरवायचे. त्या दिवशी त्यांना आमची सीट पसंत पडली. म्हणाले, "पावनं, जरा पाय घ्या," आणि वाकून पिशवी आत सारायला लागले.

सारता सारता थांबले. सीटखालूनच आवाज आला, "हे पाय माझ्या घरातलं हायत."

लग्नानंतरची पस्तीस वर्षं ज्या पायांना रोज उंबऱ्यातून जाता-येताना बघितलं, ते काळ्या चष्म्यानं कसे लपणार? मी पेपर आणखी वर घेतला. आईनं पदर मागं टाकला.

"व्हय," ती म्हणाली. "पाय तुमच्या घरातलं हायत. चालायचं माझं हाय."

आप्पा उभे राहिले. त्यांनी आधी आईकडं, मग सुनेकडं, मग पेपराकडं बघितलं. "पेपर खाली घे, नारू. तू कवा पेपर वाचलाईस?" मी घेतला. "कुठं निघालाय?"

"दर्याला," आई म्हणाली. "काळीची ओटी भरायला."

बसमध्ये शेंगदाणे खाणारीसुद्धा थांबली. आप्पांचा आवाज बारीक झाला, तो त्यांच्या रागाचा शेवटचा टप्पा. "उतर खाली."

आता इथं मला एक कबूल करायचं आहे. इतकी वर्षं हा किस्सा सांगताना मी ही जागा खोकून पुढं ढकलत आलोय. मी उठलो. मी, जो आईला घेऊन निघालो होतो, तो मी उठलो आणि म्हणालो, "चल आये, उतरू या." बावीस वर्षांचा घोडा, फौंड्रीत तापलेलं लोखंड ओतणारा. कुणीतरी माझ्या शर्टाचं टोक मागून धरलं आणि इतक्या जोरात खाली ओढलं की वरची दोन बटणं गेली. ती शैला होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"न्हाई उतरत," आई म्हणाली.

"मी शपथ घेतलीय. देवीपुढं पाणी सोडलंय."

"तुमी सोडलासा. मला कुणी इचारलं? तांब्या मीच घासून दिल्ता तुमास्नी, तवा तरी इचारलासा काय?"

"त्या नदीनं घर खाल्लं आपलं!"

"नदीनं?" आईनं चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलं होतं. "तिची वाट अडवली म्हणून ती पसरली. वाट मोकळी असती तर कशाला आली असती ती आपल्या चुलीत? तिलाबी उठवलं, आपल्यालाबी उठवलं. आन तुमी राग कुणावर काढलासा, तर तिच्यावर. ती बाई हाय म्हणून."

मागच्या सीटवरची कुणी म्हातारी म्हणाली, "बरोबर बोलली बग." एक टोपीवाला म्हणाला, "शपथ म्हंजे शपथ, मावशी." लगेच दोन पक्ष पडले. कंडक्टर आला, "अज्जा, एकतर उतरा, न्हाईतर तिकीट काढा. बस लेट व्हालीय." आप्पा म्हणाले, "हिला घेतल्याबिगर मी उतरत न्हाई." कंडक्टरनं शिट्टी मारली. बस सुटली.

आप्पांनी खिडकीतून शेजारच्या पानवाल्याला ओरडून सांगितलं, दुकानाकडं बघ, आणि मग कंडक्टरला म्हणाले, "जगलबेट एक." म्हणजे पुढचाच थांबा. तिथं आईला उतरवून परत आणायचं, असा बेत. जगलबेट आलं. आई उतरली नाही. आप्पा म्हणाले, "जोयडा एक." जोयडा आलं. आई भाकरी खात होती; तिनं त्यांना अर्धी दिली, त्यांनी घेतली नाही. "कुंभारवाडा एक." कुंभारवाड्याला आत्या पिशवी घ्यायला थांब्यावर उभी होती. खिडकीतून खुद्द भावानंच पिशवी दिली म्हटल्यावर ती बस दिसेनाशी होईपर्यंत तोंड उघडं टाकून उभी राहिली. कंडक्टरनं शेवटी विचारलं, "अज्जा, कारवारचं एकदम देऊ काय? माझा कागद वाचंल." आप्पा म्हणाले, "न्हाई. अणशी एक." असं टप्प्याटप्प्यानं, एकेक थांबा भांडत, आमचे आप्पा घाट उतरले. वळणावळणाला झाडांतून पाणी चमकलं की डोळे मिटायचे. अणशीच्या घाटात त्यांना मळमळायला लागलं. शैलानं पिशवीतून एक आमसूल काढून न बोलता पुढं केलं. लग्न झाल्यापासून ते तिच्याशी चारच शब्द बोलले होते. त्यांनी ते तोंडात टाकलं आणि म्हणाले, "आंबट हाय." हे पाचवा आणि सहावा.

सदाशिवगडाच्या पायथ्याशी आम्ही उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कोकणातलं चिकट ऊन, आमच्या डोंगरातल्या माणसाला नको वाटणारं. गडाची चढण फार नाही, पण आई दर वीस पावलांवर थांबायची. आप्पा मागून यायचे. तिला एकटीला सोडणार नाही एवढंच त्यांचं म्हणणं. बाकी मान खाली, नजर पायांवर. वर गेलो आणि वाऱ्यानं आमचं स्वागत केलं. डॉक्टरांनी वाऱ्यात जाऊ नका म्हणून तीनदा बजावलं होतं, ते मला तेव्हा, त्या कड्यावर उभं राहून आठवलं.

आजकाल लोक तिथं जाऊन फोटो काढतात. माझा मुलगा बेळगावहून कारनं सकाळी निघतो, दुपारी मासे खातो आणि रात्री घरी. वर्षातून चार वेळा. म्हणतो, "पप्पा, काय व्ह्यू आहे!" तो खोटं बोलत नाही. एका बाजूला समुद्र, लांबवर बेटं, पायाखाली काळा कातळ सरळ खाली पाण्यात, आणि दुसऱ्या बाजूनं डोंगरातून वळसे घेत आलेली आमची काळी, पुलाखालून निघून समुद्रात शिरणारी. तो पूल आता नाही. पण नदीचं मातकट पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी जिथं भेटतं तिथं एक रेघ दिसते, ती अजून आहे.

आई त्या रेघेकडं बघत उभी राहिली. चष्मा हातात. किती वेळ ते सांगता येत नाही, मी शर्टाची बटणं शोधत असल्यासारखा दुसरीकडं बघत होतो. आप्पा एका दगडावर बसले, समुद्राला पूर्ण पाठ करून, तोंड डोंगराकडं. मी म्हणालो, "आप्पा, ऊन लागतंय तिकडं." ते म्हणाले, "लागू दे. आपलं ऊन हाय ते. पूर्वेचं."

दुपारचा एक वाजत होता. पूर्वेला ऊन नव्हतं. मी वाद घातला नाही.

आईनं खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं, मुठीत तांदूळ घेतले आणि कड्याच्या टोकाशी जाऊन टाकले. आमच्या गावी नदी पायाशी होती; वाकायचं आणि सोडायचं. इथं ती शंभर हात खाली आणि मध्ये दर्याचा वारा. तांदूळ खाली गेलेच नाहीत. वर उडाले, मागं फिरले, आणि आमच्या सगळ्यांच्या अंगावर पडले. आप्पांच्या डोक्यावर सगळ्यांत जास्त. शैलाला हसू फुटलं, तिनं तोंडाला पदर लावला. आईनं पुन्हा टाकले, पुन्हा तेच. मग खण उडाला आणि आप्पांच्या पुढ्यातल्या झुडपाला जाऊन अडकला.

आप्पांनी तो सोडवला. बराच वेळ हातात धरून बसले. मला वाटलं फाडतील.

"असं सुट्टं कोण भरतंय काय ओटी?" ते डोंगराला म्हणाले. "भारा बांधावा तसं बांधायला पायजे. आण ते हिकडं."

मी नारळ आणि उरलेले तांदूळ नेऊन दिले. त्यांनी खणात नारळ ठेवला, भोवती तांदूळ भरले, आपल्या पंच्याची किनार दातानं फाडली आणि भाताच्या पेंढ्या बांधताना मारतात ती गाठ मारली. दोनदा ओढून बघितली. मग मान न वळवता, गाठोडं खांद्यावरून मागं धरलं.

"घे."

आई जवळ आली. "तुमीच टाकता काय?"

"न्हाई."

"बरं. ऱ्हावा तसंच." तिनं गाठोडं घेतलं, टोकाशी गेली, आणि कुठल्याही डॉक्टरला न विचारता दोन्ही हातांनी, पूर्ण जोरानं फेकलं. ते कातळावर एकदा आपटलं, उडालं, आणि पाण्यात पडलं.

भरती चढत होती. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं; डोंगरातल्या माणसाला नदी एकाच दिशेला वाहते एवढंच ठाऊक. तो हिरवा ठिपका क्षणभर गोल फिरला, आणि समुद्राकडं जायच्या ऐवजी मागं, पुलाच्या दिशेनं, डोंगराकडं निघाला.

"अगं बया," आई म्हणाली. "माघारी निघाली ती."

"कुठं?" आप्पा म्हणाले. पण वळले नाहीत.

"नदीतनं वर. आपल्याकडं."

आप्पांच्या मानेची शीर ताठ झाली. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. मग मला म्हणाले, "नारू, बग. कुठं हाय आता?"

मी कड्याच्या टोकाशी उभा राहून सांगायला लागलो. "पुलाच्या अलीकडं हाय, आप्पा."

"आता?"

"खांबापाशी. अडकलीय वाटतं. न्हाई, सुटली."

"गाठ हाय काय?"

"हाय. सुटलेली न्हाई."

"सुटत न्हाई ती. आता कुठं हाय?"

"पलीकडं गेली. लई बारीक दिसतीय."

"बग की नीट. तुला डोळं दिलेत."

मी बघत राहिलो, सांगत राहिलो, अंदाजानं सांगायला लागलो तरी सांगत राहिलो. शेवटी काहीच दिसेना. मी म्हणालो, "आप्पा, बहुतेक बुडाली."

ते इतक्या झटक्यानं उठले की मी दचकलो. तोंड अजून डोंगराकडंच.

"बुडाली म्हणू नको," ते म्हणाले. "दिसंना झाली म्हण."

"दिसंना झाली," मी म्हणालो.

खाली उतरून एका खानावळीत जेवलो. आईनं नदीचा मासा मागवला, काटे काढत सावकाश खाल्ला आणि काटा न् काटा चोखून ताटाच्या कडेला मांडलं. आप्पांनी भात आणि सोलांची कढी घेतली. त्यांनी आपल्या ताटातलं लिंबू तिच्या ताटात टाकलं, ते माशावर पिळायचं सोडून तिनं मला दिलं.

परतीच्या बसमध्ये आप्पांनी मुकाट्यानं रामनगरचं तिकीट एकदम काढलं. रामनगर आलं तेव्हा दिवस मावळत होता. ते उठले, आईला म्हणाले, "चल, घरला."

"न्हाई," आई म्हणाली. "डोळा अजून एकदा दाखवायचा हाय. आठ दिसांनी येतो."

ते खाली उतरले. बस हलली तरी जागचे हलले नाहीत. मग खिडकीशी आले आणि बसबरोबर चार पावलं चालत शैलाला म्हणाले, "वाऱ्याला बसवू नको तिला. खिडकी लाव." शैलानं खिडकी लावली. आईनं ती लगेच उघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागांचा खडखडाट सुरू झाला तेव्हा आई अजून झोपली होती, उशिरापर्यंत झोपायची तिची जन्मातली पहिली वेळ असावी. शैला दारात बसून माझ्या शर्टाला बटणं लावत होती. मी चहा घेत होतो आणि कालचा दिवस कसा मी पार पाडला, ह्याची मनातल्या मनात जुळवाजुळव करत होतो. पुढं कधीतरी कुणाला तरी सांगावा लागेल, तेव्हा कामाला येईल. म्हणालो, "बघ, शेवटी न्हेलं की न्हाई मी आयेला?"

तिनं दोरा दातानं तोडला.

"आत्तींनी कुणाला इचारलं न्हाई, सांगितलं," ती म्हणाली. "उद्यापासनं मीबी तसंच करणार हाय. तुमी आपलं ऐकून ठेवा."